तीन नंबरच्या कढईतलं तेल

पामतेलाला नाकं मुरडणाऱ्यांशी मी या वयातही भांडते. परवाच आमच्या सोसायटीतल्या एक बाई माझ्याकडे चहाला बसल्या होत्या. "आमच्याकडे नाही हो चालत पामतेल," असं म्हणता म्हणता त्यांनी बशीतली चार बिस्किटं संपवली. मी उठले, बिस्किटांचा पुडा आणला, त्याच्या पाठीवरची बारीक अक्षरं त्यांना वाचायला दिली आणि म्हटलं, "मग हे काय आहे बाई, चंदनाचं तेल?" त्या पुन्हा चहाला आलेल्या नाहीत. नाही तर नाही. माझी आई रेशनच्या पामतेलावर वाढली. सणाला कार्डावर ते तेल मिळालं की तिच्या घरी कढई चढायची, नाहीतर नाही. आणि माझे बाबा मस्कतजवळ रुसैलच्या एका वेफर्सच्या कारखान्यात तळणीवर होते, तिथे टँकर भरभरून पामतेल यायचं. माझी पुस्तकं, माझी फी, माझा चष्मा, सगळं त्या तेलातून आलंय. मी त्याला नावं ठेवणार? तेलाचं काय चुकतं? चुकतं ते माणसांचं, आणि तेच मला इथे सांगायचं आहे.

आम्ही मस्कतमधल्या कुरुमला राहायचो, दुकानांच्या ओळीमागे एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर. दिवसभर खालून इस्त्रीच्या वाफेचा फुस्स आवाज यायचा, एसीचं पाणी खिडकीखालच्या डब्यात टपटपायचं आणि त्यात पाच वेळा बांग मिसळायची. बाबा जिना चढायच्या आधी त्यांचा वास वर यायचा. तळणीचा तो वास कपडे दोनदोनदा धुऊनसुद्धा जायचा नाही. शाळेत मदिनत सुलतान काबूस या श्रीमंत वस्तीतल्या बंगल्यांतली मुलं माझ्या बॅगेला नाक लावून "चिप्स, चिप्स" करायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी बाबांना सांगितलं होतं की शाळेत भेटायला यायचं झालं तर आधी आंघोळ करून या. त्यानंतर ते कधी शाळेत आलेच नाहीत. तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

घरात आईबाबा मालवणीत बोलायचे आणि मी अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या लंगड्या मराठीत उत्तरं द्यायची. आई म्हणायची, "ह्या चेडवाक ना धड हंयचां येता, ना थंयचां." बाबा सातवीपर्यंत शिकलेले. इंग्रजीचा त्यांना गंध नव्हता, पण तेल मात्र त्यांना वाचता यायचं. म्हणायचे, ताजं तेल मोकळं चुरचुरतं, दुसऱ्या दिवशी जरा दबून बोलतं, चौथ्या दिवशी खोकतं. कारखान्यात तापमानाचे काटे होते, दिवे होते, सगळं होतं, तरी इंजिनियरसाहेब काट्याआधी बाबांच्या तोंडाकडे बघायचे. पहिल्या दोन कढया बटाट्याच्या आणि तिसरी केळ्याच्या वेफर्सची. केळ्याची साखर जळते म्हणून तिच्या तेलाला कडवट गोड वास लागतो आणि ते सगळ्यांत आधी बाद होतं. बाद झालेलं तेल बाबा निळ्या पिंपांत काढून ठेवायचे आणि पिंपावर खडूने कढईचा आकडा टाकायचे, मराठी आकडा. आठवड्यातून एकदा एक पिकअप ती पिंपं घेऊन जायची. कुठे, तर म्हणे साबणाच्या कारखान्यात.

आमच्या घरातला मोठा दिवस म्हणजे शुक्रवार. त्या दिवशी सुट्टी, आणि आईचे वडे. वड्यांचं पीठ गावाहून यायचं, धण्यामेथीचा वास असलेलं. प्लास्टिकच्या कागदावर आई वडे थापायची त्याच्या थपथप आवाजाने मला जाग यायची. सोबत काळ्या वाटाण्याचं सांबारं, खोबऱ्याचं वाटप भाजून असं केलेलं, की खालचा लाँड्रीवालासुद्धा वर बघायचा. जेवायला सुधादादा यायचा. तो बाबांच्या चुलतभावाचा मुलगा, त्याच कारखान्यात पॅकिंगला होता आणि रुसैलला कंपनीच्या कामगारांच्या कॅम्पात आठ जणांच्या खोलीत राहायचा. त्याचं जेवण झालं की आई चार पुडांचा मोठा स्टीलचा डबा भरायची, खोलीतल्या पोरांसाठी. पुढच्या शुक्रवारी डबा परत यायचा आणि कधीच रिकामा यायचा नाही. आपल्यात रिकामा डबा परत देत नाहीत. आठ जणांत चूल नव्हती, बायका नव्हत्या, पण रीत होती. डब्यात कधी चार खजूर, कधी मोसंबी, एकदा तर अंगाला लावायचा साबण आला होता. आईने तोही डोळ्यांना लावून घेतला होता.

त्या शुक्रवारी महिन्याची अखेर होती. सुधादादाने डबा ठेवला आणि ओशाळून म्हणाला, "काकी, आज काय्येक नव्हतां. मेसमधली कांदाभजी हत. सकाळच्या नाश्त्याची सगळ्यांनी दोन दोन ठेवली." आठ जणांनी आपल्या तोंडचा घास काढून ठेवलेली भजी! आईने "अरे वा!" म्हणत ती बशीत काढली आणि चहाबरोबर बाबांच्या पुढे ठेवली. बाबांनी एक उचललं, तोंडाजवळ नेलं आणि तिथेच थांबले. मग बोटांनी मोडून वास घेतला. पुन्हा घेतला.

"ह्यां तेल माझां," बाबा म्हणाले.

"तुमचां म्हणजे?" आई हसली. "भजी खावा. पोरांनी मायेन दिली हत."

"तीन नंबरच्या कढईतलां. केळ्याचो वास येता बघ. मंगळवारी करपलेलां, माझ्या हातान पिंपात काढलंय."

मी पण वास घेतला. कांद्याच्या भज्याला जळक्या केळ्याचा वास! सुधादादाला विचारलं तर तो म्हणाला, मेसचं सगळंच असं लागतं, चार महिने झाले, आधी असं नव्हतं. खोलीतल्या सगळ्यांचे घसे धरलेले, दोघांना रोज ओकाऱ्या, आणि याचं स्वतःचं पोट असं जळायचं की पांढऱ्या औषधाची बाटली खिशात घेऊन फिरायचा. दवाखान्यात सांगितलं होतं, तिखट कमी खा. तिखट! दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर बाबा सुधादादाबरोबर मेसच्या मागच्या बाजूला गेले. तिथे आडोशाला तीन निळी पिंपं होती आणि एकावर खडूने त्यांच्याच हातचा मराठी तीन लिहिलेला होता. साबणाला म्हणून गेलेलं तेल फिरून माणसांच्या पोटात जात होतं. त्यात मेसच्या कंत्राटदाराचा हात किती आणि कारखान्याच्या मॅनेजरचा किती, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पण पिकअपच्या कागदावर सही मॅनेजरची असायची, एवढं बाबांनी पाहिलं होतं.

मला वाटलं, आता बाबा पेटून उठतील. कसलं काय! दहा दिवस त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. त्यांचा व्हिसा कंपनीच्या हातात, दोन महिन्यांनी नवा करार व्हायचा होता, आणि मार्चमध्ये माझी बारावी. कंपनीने नको म्हटलं की आम्हाला बाडबिस्तारा गुंडाळून निघावं लागणार आणि माझं वर्ष जाणार. हे सगळं मला कळत होतं, तरी मला बाबांचा भयंकर राग आला होता. आईने तर सरळ तोफ डागली.

"कोणाक सांगतलास की नाय?"

"आपण हंय पोटासाठी इलंव," बाबा खाली मान घालून म्हणाले.

"आपलां तां पोट, आणि त्या झिलांचो काय खड्डो?"

बाबा उठून गॅलरीत गेले. आई माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तुझो बापूस बरो माणूस आसा. पण बऱ्या माणसाक धक्को मारूचो लागता."

धक्का मारायची संधी तिला आठवड्याने मिळाली. कारखान्यात वर्षातून एकदा फॅमिली डे व्हायचा. बायकामुलांना बसने आणायचे, कारखाना दाखवायचे, वेफर्सची पाकिटं वाटायचे आणि शेवटी कारखान्याचा मालक, म्हणजे सगळ्यांचा अर्बाब, येऊन हात मिळवायचा. हा अर्बाब उमद्या मनाचा ओमानी म्हातारा होता, हिंदी चांगली बोलायचा आणि पोरांच्या खिशात चॉकलेटं कोंबायचा. आई त्या दिवशी जरीची साडी नेसली, नथ घातली आणि काखेत तो स्टीलचा डबा घेतला. आत काय आहे ते तिने बाबांना सांगितलं नव्हतं. सुधादादाने सकाळीच मेसमधून गरम भजी भरून बसजवळ तिच्या हातात डबा दिला होता. मला माहीत होतं. भीती वाटत होती, पण गंमतही वाटत होती, खोटं कशाला बोलू?

मंडपात सगळे ओळीने उभे होते. अर्बाब आमच्यापुढे आला तशी आईने डब्याचं झाकण काढलं आणि आपल्या खास हिंदीत सुरू केलं, "अर्बाब, हमारे में डब्बा खाली वापस नहीं देते. मैं कॅम्प के पोरों को डब्बा देती, वो मेरे को ये भरके देते. तुम्हारे मेस का भजी है. खाके बघो."

मॅनेजर पुढे झाला. "मॅडम, बाद में, बाद में. यल्ला, लाईन आगे लो."

पण त्या देशात कुणी हाताने खायला दिलं तर नाही म्हणत नाहीत. अर्बाबने मॅनेजरला हाताने बाजूला केलं, हसत एक भजं उचललं आणि बिस्मिल्ला म्हणून तोंडाकडे नेलं. तेवढ्यात बाबांनी त्याचा हात धरला. माझ्या बाबांनी! जे मॅनेजर समोरून आला तर भिंतीला चिकटून वाट द्यायचे, त्यांनी सगळ्या कारखान्यादेखत मालकाचं मनगट धरलं.

"ला, नहीं अर्बाब. मत खाओ. ये मेरा तेल है. मैंने फेंका हुआ तेल है."

अर्बाबने भजं नाकाजवळ नेलं. बाबा बोलायला लागले आणि मग थांबेचनात. कुठली कढई, कुठला दिवस, किती पिंपं, पिकअप किती वाजता येते, मेसमागे पिंपावर कुठला आकडा आहे, सगळं. अर्बाबने कॅम्पातल्या पोरांकडे बघून विचारलं, "रोज?" सुधादादा म्हणाला, "रोज, अर्बाब." मागून दहावीस आवाज उठले, "रोज, रोज." तेव्हा अर्बाबने ते भजं मॅनेजरपुढे धरलं आणि शांतपणे म्हणाला, "तू खा."

मॅनेजर म्हणाला, "सर, मुझे शुगर है."

भज्यात साखर कुठून आली, कोण जाणे! पोरं खो खो हसली. अर्बाब हसला नाही. "खलास," एवढं म्हणून तो निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून मेसमध्ये तेलाचे सीलबंद डबे आले. आई आठवडाभर घरात अशी वावरत होती की तिच्यापुढे राजाची राणीसुद्धा फिकी पडावी.

पण मॅनेजरचं काही ठरवायच्या आधीच, पुढच्याच आठवड्यात अर्बाब उपचारासाठी परदेशी गेला आणि मालकाच्या जागी हुकूम सोडायला मॅनेजरच उरला. एका संध्याकाळी बाबा घरी आले ते हातात एक लिफाफा घेऊन. आई खाली भाजी आणायला गेली होती. मी टेबलावर केमिस्ट्री घेऊन बसले होते. बाबांनी लिफाफ्यातला कागद माझ्यापुढे ठेवला. इंग्रजीत टाइप केलेला, खाली सहीची रेघ. मॅनेजरने त्यांना सांगितलं होतं की ही फॉर्मॅलिटी आहे, उद्या सही करून आण, परवा दोन वर्षांचा करार देतो.

"वाचून सांग गो, काय लिवलां हा," बाबा म्हणाले आणि पेन शोधायला लागले.

मी वाचला. त्यात लिहिलं होतं की फॅमिली डेला मी जे बोललो ते गैरसमजातून आणि रागातून बोललो. बाद तेल मेसमध्ये कधीही गेलेलं नाही. पिंपांवर आकडे टाकताना माझ्याकडूनच चूक झाली, त्यामुळे साबणाची पिंपं चुकून मेसमागे ठेवली गेली, आणि त्याबद्दल मी कंपनीची माफी मागतो. म्हणजे सगळं खापर बाबांच्या डोक्यावर, आणि एकदा ही सही झाली की ती पिकअप पुन्हा मोकळी. सुधादादाच्या पोटात पुन्हा तेच तेल. हे मला एका वाचनात कळलं. सतरा वर्षांची होते, कुकुलं बाळ नव्हते. आणि हेही कळलं की बाबांना यातलं एक अक्षरही वाचता येत नाही.

पुढचं लिहायला नको वाटतं, पण लिहायला बसलेच आहे तर लिहिते. मी म्हटलं, "साधंच आहे, बाबा. त्या दिवशीच्या गडबडीबद्दल आहे. करा सही."

बाबांनी मान डोलावली. माझ्यावर विश्वास नसायचं त्यांना कारणच नव्हतं. पेनाचं टोपण काढलं, चष्मा लावला आणि विचारलं, "खंय करू?" मी बोट ठेवलं रेघेवर. माझं बोट तिथे होतं आणि बाजूला त्यांचा हात, मनगटापासून कोपरापर्यंत तेलाच्या ठिपक्यांनी भाजलेला, जुने डाग पांढरे, नवे लाल. मला एकदम भयंकर शरम वाटली. शाळेत आपल्या बापाच्या वासाची लाज वाटलेली मी, आणि आता त्याच्याच हाताने त्याला खोटारडा ठरवायला निघाले होते, कशासाठी, तर बारावीच्या एका कागदासाठी. मी बोट काढलं.

"बाबा, थांबा. मी खोटं सांगितलं."

मग मी सगळा कागद वाचून दाखवला, ओळ न ओळ, माझ्या त्या लंगड्या मराठीत. शब्द अडला की इंग्रजी, इंग्रजी कळलं नाही की हातवारे. मी रडत होते. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण परत लावलं आणि म्हणाले, "मगे तुझी परीक्षा?"

"पुढच्या वर्षी देईन."

"नक्की?"

"नक्की." आणि माझ्या अंगात आई संचारली. "नाही केली सही तर काय करणार आहेत? घरीच पाठवतील ना? आपल्याला घर आहे."

बाबांनी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हंय लिव. इंग्रजीत लिव. मी सांगतंय." ते सांगत गेले, मी लिहीत गेले. हे तेल मी माझ्या हाताने बाद केलं होतं. ते माणसांना खायला घातलं. मी पाहिलं आहे. कुणालाही माझ्यासमोर आणा, मी कढई आणि दिवस सांगेन. माफी मागण्यासारखं मी काही केलेलं नाही. मी शेवटी सवयीने 'युवर्स फेथफुली' लिहायला गेले, तर बाबांनी अर्थ विचारला. सांगितल्यावर म्हणाले, "तां काढ." मी खोडलं. खाली त्यांनी मराठीत सही केली, सावकाश, वडिलांच्या नावासकट. आई वर आली तेव्हा आम्ही दोघं टेबलाशी बसलो होतो. तिने कागद पाहिला, तिला त्यातलं काही वाचता आलं नाही, सही तेवढी वाचली. पिशवी खाली ठेवून म्हणाली, "चाय टाकतंय."

तीन आठवड्यांत आम्ही मस्कत सोडलं. करार झाला नाही, आणि कारण कुणी लेखी दिलं नाही. सुधादादा तिथेच राहिला आणि त्याचं पत्र आलं. मॅनेजरने पिकअप पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला होता, पण कॅम्पातली पोरं ऐकेनात. मेसमध्ये रोज पाळीने दोन जण उभे राहायचे, सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला लावायचे आणि मगच कढई चढू द्यायचे. आचारी आधी चिडला, मग त्यांना चहा द्यायला लागला. त्या पाळीत कुणाला काढून टाकायचं, हे मॅनेजरला ठरवता येईना, कारण रोज दोघे वेगळे असायचे.

गावी आल्यावर वाडीतली माणसं मला बघून कुजबुजायची. एवढी मस्कतला शिकणारी मुलगी ऐन परीक्षेच्या दिवसांत घरी कशी? एकदा विहिरीवर एका काकीने तोंडावरच विचारलं, "काय गो, नापास झालंस?"

बाबा शेजारीच कळशी भरत होते. मी मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता मालवणीत बोलले, "नाय, काकी. आमी सही करूक नाय."

तिला काय कळणार? ती भुवया उडवून गेली. बाबा मात्र भरलेली कळशी तशीच कठड्यावर ठेवून माझ्याकडे बघत उभे राहिले.